साहेबाचे ओटे आणि जवळ्यातले बांगडे

ऑगस्ट उजाडला की तो मजकूर माझ्या फोनवर येतोच. ‘हेलियमचा शोध आपल्या महाराष्ट्रात लागला! १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्ग किल्ल्यावरून सर नॉर्मन लॉकियर यांनी खग्रास सूर्यग्रहण पाहताना...’ पुढे दोन तिरंगे, आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. एके वर्षी मीही पाठवला होता. मग पोटात कालवाकालव झाली, कारण तारखेकडे नीट पाहिलं. १८ ऑगस्ट. कोकणात. म्हणजे ऐन पावसाळ्यात. नाजूक काचसामान घेऊन कोण शहाणा माणूस त्या दिवसांत विजयदुर्गावर आकाश पाहायला बसेल?

ज्यांनी हे ठिकाण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुंबई-गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडायचा आणि पश्चिमेला वळायचं. जांभ्याचे सडे, हापूसची कलमं, पडेल कॅन्टीनचा नाका, मग गिर्ये आणि शेवटी रस्ताच संपतो. वाघोटन खाडी समुद्राला मिळते तिथे जमिनीचं एक बोट पाण्यात पुढे आलंय. त्या बोटाच्या पेरावर किल्ला, पायथ्याशी बंदर, गाबितांच्या होड्या आणि सुकत घातलेली मासळी. खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा, अलीकडे सिंधुदुर्ग. शिलाहारांपासून आंग्र्यांपर्यंतचा इतिहास इथे कुणालाही तोंडपाठ असतो, त्यामुळे तो सोडून देतो.

किल्ल्यात दगडी चौथरे दाखवतात. नाव ‘साहेबाचे ओटे’; कुणी ‘कट्टे’ही म्हणतं. मी गेलो तेव्हा जवळच्या सावलीत एक आजोबा बसले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, “सायबान हयसर बसानच हेलियम शोधून काढल्यान.” मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. १८ ऑगस्ट १८६८ला लॉकियर भारतात नव्हता. तो इंग्लंडमध्ये होता, वय ३२, युद्धखात्यात कारकून, आणि हौस म्हणून घरच्या दुर्बिणीतून सूर्य पाहणारा. ‘सर’ही तो तेव्हा नव्हता. हेलियमशी त्याचं नाव जोडलं गेलं ते त्याच वर्षीच्या २० ऑक्टोबरच्या निरीक्षणामुळे. ते त्याने इंग्लंडातल्या आपल्या दुर्बिणीतून केलं, आणि त्या दिवशी ग्रहण नव्हतं! या शेवटच्या चार शब्दांसाठी हा लेख लिहितोय. ग्रहण नसताना त्याने ते कसं पाहिलं, हे समजलं की विजयदुर्गाची गोष्ट आपोआप जागेवर बसते.

खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पुरता झाकतो तेव्हा काळ्या तबकडीच्या काठावर लालसर जिभा दिसतात. त्यांना सौरशृंगं म्हणू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती चंद्राची की सूर्याची यावरही वाद होता; १८६०च्या ग्रहणातल्या छायाचित्रांनी ती सूर्याची ठरवली. पण ती कशाची बनलीत? ढग, धूर, पेटता वायू?

त्याच सुमारास हायडेलबर्गमध्ये बुन्सेन आणि किरखोफ यांनी एक किल्ली शोधली होती. तापलेला विरळ वायू सगळे रंग देत नाही, ठरावीक रंगांच्या मोजक्या रेषा देतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या. कोकणातल्या कुणालाही हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. समुद्रातून वाहून आलेलं खारं लाकूड चुलीत सारलं की ज्योत पिवळीजर्द होते. ते मिठातलं सोडियम. त्याचा पिवळा रंग म्हणजे शेजारी शेजारी दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या. जोडीचं नाव ‘डी’.

म्हणून १८६८च्या ग्रहणाकडे सगळे डोळे लावून बसले होते. हातात वर्णपटदर्शक, म्हणजे उजेड रंगांत फोडून त्यातल्या रेषा दाखवणारं यंत्र, असताना लाभणारं हे पहिलं मोठं खग्रास ग्रहण. सावलीचा पट्टा एडनवरून अरबी समुद्र ओलांडून कोकणात शिरला, दक्षिण महाराष्ट्र आणि विजापूरकडून पूर्व किनाऱ्यावर गेला आणि पुढे सयामपर्यंत पोचला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होतं, हे खरं. पण निरीक्षकांनी मुक्काम टाकले ते बहुतेक घाटापलीकडे. फ्रेंच ज्यूल जानसेन आणि इंग्रजांचा टेनंट गुंटूरला, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणमला, आणि जॉन हर्शेल जमखंडीला. हा हर्शेल म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, सर्वेक्षण खात्यातला लेफ्टनंट. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. ढगांच्या फटींतून त्याला सौरशृंगाच्या वर्णपटात तीन झगझगीत रेषा दिसल्या: एक लाल, एक निळी आणि एक नारिंगी-पिवळी. लाल आणि निळी हायड्रोजनच्या. तिसरी ‘डी’च्या जवळपास.

‘जवळपास’ हा शब्द लक्षात ठेवा. मिनिटं मोजकी, ढग येताजाताहेत, हात थरथरताहेत. अशा वेळी पिवळी रेषा दिसली की सोडियमच असणार, असं बहुतेकांना वाटलं. ती रेषा कुणा एकाला दिसली नाही, चारपाच जणांना दिसली. मराठी अभिमानाचा दाखला हवाच असेल तर विजयदुर्गापेक्षा जमखंडीचा हक्क मोठा आहे. पण जमखंडीसाठी मजकूर कुणी पाठवत नाही.

आता माझा आवडता भाग.

सौरशृंगं ग्रहणातच का दिसतात? एरवी सूर्यापुढे हात आडवा धरला तर का दिसत नाहीत? करून पाहायला जाऊ नका, डोळे जातील. फक्त विचार करा. हात सूर्याला झाकतो, पण हातापलीकडची दहा-पंधरा किलोमीटर हवा उन्हात उजळलेलीच असते. त्या हवेने विखुरलेला प्रकाश हाताच्या कडेने डोळ्यात येतो आणि सूर्याकाठची ती लाल जीभ त्यात बुडून जाते. चंद्र मात्र हवेच्या बाहेर आहे. तो ऊन हवेत शिरण्याआधीच अडवतो, त्यामुळे डोक्यावरची हवाच काळोखी होते. चंद्राची जादू एवढीच. राहू-केतूंचा त्यात काही हात नाही. १६ फेब्रुवारी १९८०ला कारवार-हुबळीवरून खग्रास ग्रहण गेलं तेव्हा आपल्याकडे दुपारी रस्ते ओस पडले होते आणि गर्भार बायकांना विळीला हात लावू दिला नव्हता, हे घरोघर आठवणारी माणसं आहेत. आयुष्यात एकदा येणारं दृश्य आणि लोक खिडक्या लावून बसले. असो.

तर शत्रू सौरशृंगाचा मंदपणा नव्हे, आकाशाचा उजेड आहे. मग आकाशाचा उजेडच पातळ करता आला तर?

विजयदुर्गाच्या बंदरावर सुकवायला घातलेला जवळा आठवा. समजा जवळ्याच्या राशीत दहाबारा बांगडे दडलेत. रास आहे तोवर बांगडा दिसत नाही. आता तोच जवळा मोठ्या जागेवर पसरा. थर पातळ झाला. आणखी पसरा, आता खालची जमीन दिसू लागली. पण बांगडे? ते पातळ होत नाहीत. एकमेकांपासून लांब जातात इतकंच. प्रत्येक बांगडा होता तेवढाच राहतो आणि आता लांबूनही ओळखू येतो.

आकाशाचा विखुरलेला उजेड हा जवळा. त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग सलग असतात. लोलकातून तो पसरवला की प्रत्येक रंगाच्या वाट्याला थोडाथोडा येतो. दुप्पट लांब पसरवला तर जागोजागची उजळणी निम्मी. सौरशृंगाचा उजेड म्हणजे बांगडे, मोजक्या रेषांत साठवलेला. एका रेषेत एकच तरंगलांबी, मग लोलकाने पसरवायचं काय? ती रेषाच राहते, तेवढीच ठळक. म्हणून एकामागे एक लोलक लावत गेलात की पार्श्वभूमी फिकी पडत जाते आणि रेषा टिकून राहतात. एका टप्प्यावर भर दुपारी, चंद्राच्या मदतीवाचून, त्या दिसू लागतात.

ही युक्ती लॉकियरला ग्रहणाच्या कितीतरी आधी सुचली होती. अडलं होतं ते पुरेशा ताकदीच्या वर्णपटदर्शकापाशी. तो मागवलेला होता आणि कारागिराकडून यायला उशीर होत होता. ऑक्टोबरमध्ये तो हाती आला आणि २०ला रेषा दिसल्या. तिकडे गुंटूरमध्ये जानसेनला ग्रहण चालू असतानाच तेच सुचलं: या रेषा इतक्या झळाळत्या आहेत, तर ग्रहण सुटल्यावरही दिसायला हव्यात! दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने त्या पाहिल्या. पण ही बातमी त्याच्या पत्रातून समुद्रमार्गे पॅरिसला पोचेपर्यंत दोन महिने उलटले. लॉकियरचं पत्र आणि त्याचं पत्र २६ ऑक्टोबरला फ्रेंच अकादमीच्या एकाच बैठकीत, काही मिनिटांच्या अंतराने आलं. भांडण व्हायला याहून चांगली संधी नव्हती. तरी भांडण झालं नाही. १८७२मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं.

ग्रहणाची घाई उरली नाही याचा खरा फायदा पिवळ्या रेषेला झाला. आता ती रोज, निवांत, सोडियमच्या जोडीशेजारी ठेवून मोजता येत होती. आणि ती जोडीवर बसेना. ती होती ५८७.६वर. दीड नॅनोमीटरचाही फरक नाही, पण फरक होता. तिला ‘डी-तीन’ म्हणायला लागले.

इथे एक कोडं आहे, आणि ते मला हेलियमच्या शोधापेक्षाही जास्त आवडतं. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पाव भाग हेलियम आहे. सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात काळ्या शोषणरेषा शेकड्यांनी दिसतात. फ्रॉनहोफरने त्या १८१४मध्येच मोजायला घेतल्या होत्या. लोखंड, कॅल्शियम, सोडियम, सगळे हजर. मग ज्याचा वाटा पाव आहे त्याची पिवळी रेषा तिथे का नाही?

उत्तर थोडं खोल आहे. अणूतला इलेक्ट्रॉन जिन्याच्या पायऱ्यांवर असतो असं समजा. ५८७.६ची रेषा शोषायची तर हेलियमचा इलेक्ट्रॉन तळमजल्यावर असून चालत नाही. तो आधीच एका वरच्या पायरीवर उभा हवा. हेलियमचा जिना विचित्र आहे. तळमजल्यावरून त्या पायरीपर्यंत जायला सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो, त्या दीप्तिगोलाचं तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन. तिथल्या कणांच्या धडकाधडकीत सरासरी अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातली ऊर्जा असते. पायरी ४२पट उंच. अशा वेळी वर पोचणाऱ्यांचं प्रमाण घातांकी नियमाने घसरतं, ई (२.७१८ ही गणितातली संख्या) हिचा ऋण ४२वा घात घ्या, आणि उत्तर येतं अब्जाच्या अब्जाव्या भागाच्या घरात. म्हणजे हेलियम भरपूर, पण वरच्या पायरीवर जवळजवळ कुणीच नाही. रेषा शोषणार कोण?

मग सौरशृंगात ती झळकते कशी? तिथलं तापमानही काही फार जास्त नसतं. मदत येते वरून. सूर्याभोवतीचं विरळ प्रभामंडल दहा लाख अंशांहून तापलेलं आहे आणि ते जंबुपार किरणांचा मारा करतं. तो खालच्या हेलियमचे इलेक्ट्रॉन अणूबाहेर फेकतो. नंतर एखादा इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत पडतो तो थेट तळाला नव्हे, पायरी पायरीने, आणि एका ठरावीक उडीत ५८७.६ नॅनोमीटरचा पिवळा फोटॉन टाकत जातो. म्हणजे खालून चढून नव्हे, वरून उतरताना. हे गणित १८६८मध्ये कुणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. अणूच्या पायऱ्यांची कल्पनाच विसाव्या शतकातली. इथपर्यंत डोकं चक्रावलं असेल तर दोन परिच्छेद सोडून दिलेत तरी पुढचं अडणार नाही.

लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी ती रेषा हायड्रोजनकडूनच, वेगवेगळ्या दाबा-तापमानाला, काढता येते का ते पाहिलं. नाही आली. मग सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हा शब्द आला. १८७१मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनने तो भाषणात जाहीरपणे वापरला. पण प्रयोगशाळेत न सापडलेलं मूलद्रव्य निव्वळ एका रेषेवरून मान्य करायला बरेच रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. अशाच एकेका रेषेवरून पुढे प्रभामंडलात ‘कोरोनियम’ नावाचं मूलद्रव्य मानलं गेलं होतं; ती रेषा निघाली लोखंडाची. हेलियमचा निकाल लागला १८९५च्या मार्चमध्ये. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसेने क्लिव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू नळीत भरून विजेने उजळवला आणि त्यात ती पिवळी रेषा होती. युरेनियम, थोरियम फुटताना बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच केंद्रकं; ती खडकात अडकून राहिलेली.

तर हेलियमचा शोध कुणी लावला? हर्शेलने, जानसेनने, पॉगसनने, लॉकियरने की रॅमसेने? ‘अमुक दिवशी अमुक ठिकाणी’ असं एका ओळीत बसणारं उत्तर इथे नाही.

आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ला आणखी एक खग्रास ग्रहण झालं, आणि सावलीचा पट्टा पुन्हा याच भूशिरावरून जमिनीवर चढला. कुठल्याही एका जागी खग्रास ग्रहण सरासरी ३७५ वर्षांतून एकदा येतं. इथे तीस वर्षांत दोन! त्यातूनच दोन्हींची सरमिसळ झाली असावी. या वेळी महिना जानेवारीचा, आकाश धुतल्यासारखं, समुद्र शांत. आणि या वेळी लॉकियर खरोखर आला. वय ६१, आता सर, ‘नेचर’ या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक. भारतातला हा त्याचा दुसरा समुद्रकिल्ला; १८७१च्या ग्रहणाला तो मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यात होता.

त्याची कामाची तऱ्हा मजेशीर होती. शास्त्रज्ञ मोजके, उपकरणं भरपूर, वेळ दोन मिनिटांच्या आसपास. म्हणून त्याने युद्धनौकेच्या खलाशांनाच कामाला लावलं. हा बेत आधी १८९६ला नॉर्वेत केला होता, तिथे ढगांनी पाणी फिरवलं. विजयदुर्गाला ‘मेल्पोमिनी’ जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी होते. तोफा चालवायला शिकलेली माणसं ठरल्या क्षणी काचा बदलणं, सेकंद पुकारणं, प्रभामंडलाचं चित्र काढणं याची तालीम करत होती. सुरक्षित बंदर आणि जहाजावरून सामान थेट उतरवायची सोय या दृष्टीने या भूशिराइतकी सोयीची जागा पट्ट्यात शोधून मिळाली नसती.

मुख्य हत्यार होतं लोलक-कॅमेरा. नेहमीच्या वर्णपटदर्शकाला अरुंद फट लागते. चंद्र सूर्याला झाकत आणतो तेव्हा शेवटच्या काही क्षणांत सूर्याची कोर स्वतःच इतकी बारीक होते की तीच फट बनते. मग दुर्बिणीच्या तोंडाशीच लोलक बसवायचा. प्रत्येक रंगाची रेषा सरळ न उमटता कोरीच्या आकाराची, कंसासारखी उमटते. त्या कंसांच्या लांबीवरून कुठला वायू सूर्यावर किती उंचीपर्यंत पसरलाय ते कळतं. हेलियमचे कंस त्यात असणारच होते. पृथ्वीवर तो सापडून तीन वर्षं होत आली होती. विजयदुर्गावर हेलियम शोधला गेला नाही. तिथे सूर्याच्या वर्णगोलाचे, म्हणजे दीप्तिगोलाच्या लगेच वरच्या वायूच्या आवरणाचे, थर छायाचित्रांतून मोजायचं काम झालं, आणि निष्कर्ष रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. त्याच दिवशी सोलापूरकडे जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला स्वतःची उपकरणं मांडून बसले होते. त्या ग्रहणातला अभिमानाचा माणूस शोधायचा तर तो जेऊरला सापडतो.

जड उपकरणाला हलणार नाही अशी बैठक लागतेच. त्यामुळे ते ओटे १८९८च्या छावणीचे असावेत, हा माझा तर्क. दर १८ ऑगस्टला विजयदुर्गात हेलियम दिन साजरा होतो, शाळकरी मुलं किल्ल्यावर जमतात. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. मुलांनी पावसात का होईना वर्णपटाबद्दल ऐकलं तर काय वाईट? फक्त २२ जानेवारीलाही बोलवा. त्या दिवशी आकाश मोकळं असतं, एक साधी सीडी उन्हात तिरकी धरून भिंतीवर रंगपट पाडता येतो.

हे सगळं त्या दुपारी आजोबांना सांगितलं. जवळ्याचं आणि बांगड्यांचं त्यांना लगेच पटलं. जिन्याच्या पायऱ्यांपाशी ते समुद्राकडे बघायला लागले. शेवटी म्हणाले, “म्हणजे सायब इललो, ह्या खरा मां?”

“इललो. पण तीस वर्षांनी.”

“मगे ओटे सायबाचेच,” ते म्हणाले आणि पंचाने तोंड पुसलं. “नाव बदलूक नको.”